पुढची चाकं नाचतात, नकल गळतो, पाटा तुटतो

दिवाळीच्या सुमारास कोकणात बागेच्या पाणंदी साफ होतात आणि चार महिने पावसाने झोडपलेल्या गाड्या गॅरेजला लागतात. या वेळची बहुतेक पत्रं फोर व्हील जीप, पिकअप आणि चिरेखाणीवरच्या डंपरच्या पुढच्या भागाबद्दलची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बऱ्याच पत्रांत ‘कुठला पार्ट बदलू’ असं विचारलंय; आमची उत्तरं मात्र ‘आधी काय तपासू’ इथून सुरू होतात, ते चालवून घ्या.

प्रश्न (लांजा): महिंद्राची जुनी, पाटेवाली (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगची) फोर व्हील जीप आहे. ताशी ४५-५० ला एखादा खड्डा लागला की पुढची चाकं अशी नाचायला लागतात की गाडी जवळजवळ थांबवावी लागते. मेकॅनिक म्हणतात, स्टिअरिंग डॅम्पर बसवा. बसवू का?

उत्तर: इतक्यात नको. डॅम्पर थरथर दाबतो, पण ती जिथून निघते तो भाग झिजतच राहतो. डॅम्पर थकला की थरथर परत येते, आणि तोवर बाकीचे सांधेही गेलेले असतात.

सुरुवात टायरपासून करा, त्याला पैसे लागत नाहीत. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका. थरथर गेली किंवा वेगळ्या वेगाला सुटायला लागली, तर टायरचा बॅलन्स गेलाय किंवा रिम वाकडी आहे. रिमच्या आतल्या बाजूला लाल चिखल वाळून बसलेला असतो तोही खरवडून काढा. एका बाजूला पाव-अर्धा किलो माती चिकटली तरी चाक फेकतं.

तरीही फरक नसेल तर गाडी सपाट, टणक जागी घ्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, पुढचा एक्सल जॅकने उचलून लोखंडी घोडीवर ठेवा. एक्सलखाली जांभ्याचा चिरा सरकवायची आपल्याकडे सर्रास सवय आहे, ती मोडा. भिंतीत चिरा वजन पेलतो ते सगळ्या अंगावर. एक्सलचं वजन दोन बोटांच्या जागेवर आलं की तो अचानक फुटतो, आधी तडकल्याचा आवाजही येत नाही.

आता एकेक चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, तर चाकाचे बेअरिंग ढिले आहेत. ब्रेक दाबूनही तेवढाच राहिला, तर किंगपिन, म्हणजे ज्या उभ्या पिनवर चाक डावी-उजवीकडे वळतं तो. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. इथे प्ले असेल तर टाय रॉड एंड किंवा ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे. सांधे बघायची खात्रीची रीत वेगळी आहे: गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद, एकाने स्टिअरिंग पाव फेरा इकडे-तिकडे भराभर फिरवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. एक बाजू हलून दुसरी उशिरा हलते तो सांधा गेला. त्याच वेळी स्टिअरिंग बॉक्स चॅसीवर हलतो का तेही बघा. जुन्या जीपमध्ये बॉक्सच्या बोल्टांपाशी चॅसीला बारीक तडा गेलेला असतो, तो चिखलाखाली दिसत नाही.

पाटेवाल्या जीपमध्ये या नाचण्याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं आणि सगळ्यात कमी वेळा तपासलं जाणारं कारण म्हणजे किंगपिन बेअरिंगचा उतरलेला प्रीलोड. हे बेअरिंग थोडे आवळून बसवलेले असतात. त्या आवळण्यामुळे चाक वळायला किंचित जड राहतं आणि खड्ड्याचा धक्का तिथेच मरतो. बेअरिंग झिजले, पाणी जाऊन गंजले, की तो जडपणा संपतो. हाताला प्ले जाणवेलच असं नाही, तरी चाकं नाचतात. टाय रॉड सोडवून नकल (एक्सलच्या टोकाचा, चाकाला धरून वळणारा भाग) हाताने फिरवून बघा. अगदी अलगद फिरत असेल, किंवा सरळ चाकाच्या जागी खाचेत अडकल्यासारखा थांबत असेल, तर बेअरिंग बदलायचे. ही खाच रोलरने कपावर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) पाडलेली असते. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, रोलर एकाच जागी ठोके खातात.

शेवटी टो-इन, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते. दोन्ही टायरच्या मधोमध, पुढच्या बाजूला, एक्सलच्या उंचीवर खडूची खूण करून दोन खुणांमधलं अंतर मोजा. गाडी पुढे ढकला, मागे नाही. त्याच खुणा मागच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजा. पुढचं अंतर दोन-तीन मिलिमीटर कमी हवं. ते जास्त असेल, म्हणजे चाकं पुढून फाकलेली असतील, तर गाडी सरळ चालतच नाही.

एवढं सगळं नीट असूनही कच्च्या रस्त्यावर हाताला झटके बसत असतील तर डॅम्पर खुशाल बसवा. आणि स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून प्ले मारायला कुणाला देऊ नका. बॉक्सची झीज मधल्या भागात असते. मधला प्ले मारेपर्यंत स्क्रू आवळला की पूर्ण वळणावर स्टिअरिंग अडकतं. घाटात ते परवडणारं नाही.

प्रश्न (कुडाळ): बागेत जाताना व्हाळ (ओढा) ओलांडावा लागतो. जिप्सीच्या पुढच्या डाव्या नकलमधून काळपट-लाल रबडी गळते. सील बदलून घेतलं, दोन महिन्यांत पुन्हा तेच. नेमकं काय करायचं?

उत्तर: गळतंय ते आधी बोटावर घेऊन बघा. पातळ, तपकिरी आणि गिअर ऑईलच्या उग्र वासाचं असेल तर एक्सल ट्यूबमधलं आतलं सील गेलंय: डिफरन्शिअलचं (एक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) ऑईल नकलमध्ये उतरतं, तिथलं ग्रीस पातळ करतं आणि बाहेर येतं. अशा वेळी बाहेरचं सील कितीही बदला, उपयोग शून्य. गळणारं घट्ट असेल, आत वाळूसारखे कण लागत असतील, तर बाहेरचं सील आणि बॉलचा, म्हणजे एक्सलच्या टोकाच्या ज्या गोळ्याभोवती नकल फिरतो त्याचा, पृष्ठभाग बघायचा. डिफरन्शिअलचा ड्रेन प्लग उघडल्यावर ऑईल दुधाळ निघालं तर पाणी आत गेलंय आणि त्याला बहुधा ब्रीदर जबाबदार आहे.

ब्रीदर म्हणजे एक्सल हाऊसिंगच्या डोक्यावरची बोटभर उंचीची झडप. गाडी चालून हाऊसिंग तापलं की आतली हवा तिच्यातून बाहेर जाते. व्हाळाच्या गार पाण्यात उतरल्यावर हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढायला बघते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असला की ती ओढ सीलवर येते आणि पाणी सीलच्या ओठातून आत जातं. तुमचं नवं सील दोन महिन्यांत गेलं त्यामागे हे असण्याची शक्यता मोठी आहे. ब्रीदर काढून रॉकेलने धुवा, फुंकून बघा. त्याहून बरं म्हणजे तिथे नळीची निपल लावून इंधनाला चालणारी रबरी नळी बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या आणि वरचं तोंड खाली वळवून बांधा. एक्सल वर-खाली होतो, म्हणून नळी थोडी सैल ठेवा.

आता नकलचं काम. एका बाजूला सामान लागतं ते असं: किंगपिन बेअरिंग दोन, चाकाचे बेअरिंग दोन, आतलं एक्सल सील एक, नकलचा सील सेट एक, हबचं सील एक, स्पिंडलचं गॅस्केट आणि वेगवेगळ्या जाडीच्या शिम (पातळ चकत्या). शिवाय ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑईल. जिप्सीच्या पुढच्या डिफरन्शिअलला दोन लिटर लागतं, मागच्याला दीड. उजवी बाजूही याच वेळी उघडा. डावी गेली म्हणजे उजवी रांगेत उभी आहे.

ऑईल काढून घ्या, नाहीतर शाफ्ट ओढताच ते अंगावर येतं. चाक उतरवा. कॅलिपर सोडवून तारेने पाट्याला टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. हबचं टोपण, सर्क्लिप, फ्लँज, मग लॉक वॉशरची वाकवलेली जीभ सरळ करून नट. नट छिन्नी-हातोडीने फिरवलेला असेल तर त्याच्या कडा तुम्हाला ते लगेच सांगतील. नवा नट आणि योग्य बॉक्स पाना आणा. हब निघाल्यावर स्पिंडलचे बोल्ट काढा आणि लाकडी किंवा रबरी हातोडीने चहूबाजूंनी ठोका. गंजाने धरलेला स्पिंडल इथे अर्धा दिवस खातो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं असेल तर लवकर सुटतो. त्यामागे शाफ्ट आणि त्याच्या टोकाचा जॉइंट सरळ बाहेर येतो. शाफ्ट ट्यूबमध्ये घासत ओढला की आतल्या सीलच्या ओठाला चीर जाते. काढताना सील जुनं असतं, बदलायचंच असतं. खरी काळजी परत घालताना घ्यायची. तळहाताने शाफ्टला खालून आधार द्या आणि सील ओलांडेपर्यंत तो ट्यूबच्या मधोमध राहील असं बघा.

टाय रॉड एंड काढताना पिनच्या आट्यांवर घाव घालू नका. नट थोडा ढिला करून, पिन ज्या डोळ्यात बसतो त्याच्या बाजूवर हातोडीचे दोन जोरदार घाव मारा, सुटतो. मग वरची आणि खालची किंगपिन टोपी. इथेच बहुतेक गॅरेजात घोळ होतो. वरच्या टोपीखालच्या शिम आणि खालच्या टोपीखालच्या शिम वेगळ्या ठेवायच्या, टोप्यांवर पंचने खूण करायची. अदलाबदल झाली की नकल बॉलच्या मध्यावर बसत नाही, सील एका बाजूने दबतं, दुसऱ्या बाजूने उघडं राहतं. मग गळती आलीच.

नकल उतरला की बॉल दिसतो. रॉकेलने धुऊन, कापडाने पुसून, त्यावरून नख फिरवा. नख अडकेल एवढा गंजाचा खड्डा असेल तर नवं रबर त्याच्यावर घासून महिन्या-दोन महिन्यांत कातरलं जातं. उथळ खड्डे असतील तर मेटल इपॉक्सी भरून, पूर्ण वाळल्यावर ४०० आणि मग ६०० नंबरच्या पाणपेपरने गुळगुळीत करा. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत बॉलचा खालचा भाग, जिथे चिखल साचून ओला राहतो, तोच खाल्लेला असतो. वरून बघून ‘बॉल चांगला आहे’ म्हणू नका.

जुने कप पितळी ड्रिफ्टने, एकाच बाजूला न ठोकता, फिरून फिरून ठोकत काढा. नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि जुना कप वर ठेवून बसवा. तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो. सील सेटमधली चकती, फेल्ट आणि रबर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो आधीच काढलेला असू द्या. नकल चढवण्याआधी ते बॉलच्या मागे ओवून ठेवावे लागतात. विसरलात तर सगळं पुन्हा उघडायचं.

रबर सील न आवळता नकल बसवा, दोन्ही टोप्यांचे बोल्ट पूर्ण आवळा आणि टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून काटकोनात ओढा. नकल हलायला लागतो त्या क्षणी काट्यावर १ ते १.८ किलो दिसायला हवेत. कमी दिसले तर शिम काढा, जास्त दिसले तर घाला. शिम कमी केली की टोपी आत जाते आणि बेअरिंग आवळतो. काटा पाच किलोपर्यंतचाच घ्या. मासळीबाजारातल्या मोठ्या काट्यावर दीड आणि दोन किलोतला फरक डोळ्याला दिसत नाही. हे मोजमाप केल्याशिवाय दिलेली गाडी परत करा, इतकं ते महत्त्वाचं आहे. सील लावल्यावर मोजलं तर रबराची घासही आकड्यात येते आणि आत बेअरिंग ढिलेच राहतात.

मग जॉइंटमध्ये मोलिब्डेनमचं काळं ग्रीस बोटाने दाबून भरा, नकलची पोकळी साधारण दोन तृतीयांश भरा. गच्च भरू नका, तापल्यावर फुगलेलं ग्रीस सीलच ढकलतं. चाकाच्या बेअरिंगात ग्रीस वरून फासून चालत नाही. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून वर आलं पाहिजे. हब बसवल्यावर नट आवळताना हब फिरवत राहा, घट्ट झाला की ढिला करा, मग पुन्हा हलका आवळा: हब हाताने सहज फिरावा, पण वर-खाली हलवल्यावर प्ले जाणवू नये. जीभ वाकवायला विसरू नका. २०० किलोमीटर झाल्यावर चाक उचलून पुन्हा बघा, नवे कप थोडे बसतात.

प्रश्न (राजापूर): चिरेखाणीवर सहाचाकी डंपर आहे. पुढचे किंगपिन आणि बुश (पिनभोवतीच्या नळ्या) टाकून वर्ष होत नाही तोच प्ले. ओरिजिनल सामान घालूनही असंच. ओव्हरलोड हे कारण असावं का?

उत्तर: ओव्हरलोड भर घालतो, पण तुमच्या बाबतीत पहिला संशय ग्रीसवर आणि दुसरा बुश बसवण्यावर घ्यावा लागेल.

गन निपलला लावून चार वेळा दाबलं म्हणजे ग्रीस गेलं असं होत नाही. निपलच्या मागची वाट जुन्या वाळलेल्या ग्रीसने आणि जांभ्याच्या भुकटीने बंद झालेली असते. गन जड लागते, ग्रीस निपलच्या बाहेरूनच वळतं आणि मुलगा ‘झालं’ म्हणतो. नवं ग्रीस बुशच्या दोन्ही टोकांतून बाहेर डोकावेपर्यंत मारायचं. एकदा गाडी चाकांवर उभी असताना आणि एकदा पुढचा एक्सल उचलून, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवत. उचलल्यावर थ्रस्ट बेअरिंगवरचा भार निघतो आणि एरवी दबलेल्या जागेत ग्रीस शिरतं. ग्रीस जातच नसेल तर निपल बदला. तरी जात नसेल तर बुश फिरून भोकासमोरून सरकला आहे, त्याला दुसरा इलाज नाही, उघडायलाच लागेल. पावसात आठवड्याला एकदा, इतर वेळी पंधरवड्याला, एवढं खाणीवरच्या गाडीला हवंच.

बुश दाबून बसवताना त्याचं भोक निपलच्या भोकासमोर आणा. बसल्यावर तो आतून किंचित आवळतो, म्हणून रीमर (भोक मापात कापायचं हत्यार) लागतो, आणि तो लांब, दोन्ही बुशमधून एकाच रेषेत जाणारा हवा. वरचा वेगळा, खालचा वेगळा रीमर मारला किंवा पॉलिश पेपरने घासून पिन बसवला तर पिन दोन्ही बुशच्या कडांवरच टेकतो. चार दिवस घट्ट वाटतं, कडा झिजल्या की प्ले. तेल लावलेला पिन हाताच्या दाबाने जावा. हातोडी लागली तर रीमर अपुरा, डगमगला तर जास्त झाला.

पिन एक्सलच्या डोळ्यात मात्र अजिबात हलता कामा नये. तिथे त्याला आडवा कॉटर धरून ठेवतो. कॉटर ढिला राहिला की पिन डोळ्यातच फिरायला लागतो आणि डोळा अंडाकार होतो. मग नव्या किटने काहीही साधत नाही. डोळा मशीनशॉपमध्ये मापून घ्या. झिजला असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिन चालतो का ते कंपनीच्या मापावर बघा, नाहीतर एक्सल बीम बदला. डोळ्यात वेल्डिंग भरणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला.

अडकलेला पिन काढायला गॅस लावून डोळा लाल करणं हाही असाच प्रकार. बीम घडवून, उष्णता-प्रक्रिया करून बनवलेला असतो. लाल तापवला की ती ताकद त्या जागी राहत नाही. दोन दिवस गंज सोडवणारं तेल, मग हायड्रॉलिक प्रेस. बसवताना थ्रस्ट बेअरिंगची कोणती बाजू वर होती ते जुन्यावर खूण करून ठेवा, आणि वरच्या फटीत शिम घालून उभा प्ले फीलर गेजने मोजा, ०.१ ते ०.२५ मिमीच्या आसपास, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला घ्या.

ओव्हरलोडचं म्हणाल तर त्याची खूण टायरवर दिसते. टो बरोबर असूनही दोन्ही पुढचे टायर आतल्या कडेला झिजत असतील तर बीम वाकायला लागलाय.

प्रश्न (देवगड): आंब्याच्या हंगामात पिकअपचा पुढचा मेन पाटा तुटला. गावात वेल्डिंग करून देतात. तसंच एक जादा पाटा घातला तर पुन्हा तुटणार नाही ना?

उत्तर: पाट्याला वेल्डिंग नाही म्हणजे नाही. स्प्रिंगचं पोलाद तिथे तापून ठिसूळ होतं आणि वेल्डच्या शेजारीच तुटतं, तेही मेन पाटा असेल तर एक्सल एका बाजूने मोकळा सोडून.

पाटा कुठे तुटलाय ते बघा. सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटला असेल तर यू-बोल्ट ढिले होते. यू-बोल्ट घट्ट असले की मधला भाग एक्सलला चिकटून असतो आणि वाकत नाही. ढिले झाले की तोही वाकायला लागतो, आणि भोक असल्याने पहिला तडा तिथेच जातो. कधी आधी सेंटर बोल्टच कापला जातो. मग एक्सल त्या बाजूला मागे सरकतो आणि गाडी एकीकडे ओढते. बंपरपासून दोन्ही हबचं अंतर टेपने मोजलं की कळतं. पाट्याच्या टोकाच्या डोळ्यापाशी तुटला असेल तर शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारा झुलता दुवा) गंजून जाम झालाय का ते आधी तपासा. शॅकल झुलला नाही तर पाट्याला लांब व्हायला जागाच मिळत नाही. आणि पाट्यांच्या मधे गंजाचे चट्टे असतील तर तडा त्या खड्ड्यांतूनच सुरू झालेला असतो. देवगडच्या खाऱ्या हवेत हे कारण कायम धरून चाला.

पाटे दोन्ही बाजूंचे बदला, एकीकडे नवे आणि एकीकडे बसलेले ठेवले तर गाडी कलते. पाटे सुटे केलेच आहेत तर तारेच्या ब्रशने घासून मधे ग्रॅफाइट ग्रीस लावा. यू-बोल्ट नवेच घाला, जुने ताणलेले असतात. चारही नट तिरपे, थोडे थोडे आवळत न्या, आट्या सगळीकडे सारख्या बाहेर याव्यात. शेवटचं आवळणं आणि शॅकलचे बोल्ट आवळणं गाडी चाकांवर उभी करून. हवेत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. हे कोणी करत नाही, आणि पाटे तुटायचं तेच सगळ्यात साधं कारण.

जादा पाटा पुढे घालू नका. गाडी कडक होते, चाक खड्ड्यात उतरत नाही, धक्का शॅकल आणि हँगरवर जातो. पेट्यांचं वजन मागे असतं, पुढच्या पाट्याला त्याचा काय उपयोग?

प्रश्न (दापोली): जिप्सीला मोठे टायर बसावेत म्हणून दोन इंच लांब शॅकल घातले. आता सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, वळणावरून स्टिअरिंग आपोआप परत येत नाही.

उत्तर: कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन, गेला. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक चॅसीपासून खाली जातं, एक्सल पुढे झुकतो आणि किंगपिनचं वरचं टोक मागे कलायच्या ऐवजी उभं होतं. मूळ कॅस्टर साडेतीन अंशांच्या आसपास असतो, त्यातला बराच तुम्ही घालवलात. शिवाय दोन इंच शॅकलमधून उंची एकच इंच मिळते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं.

मूळ शॅकल परत लावणं सगळ्यात उत्तम. उंची हवी असेल तर जास्त कमानीचे पाटे घ्या. शॅकल ठेवायचेच असतील तर पाटा आणि एक्सलमध्ये पोलादी पाचर घालता येते. पाटे एक्सलखाली असतात तिथे पाचरीची जाड बाजू पुढे, पाटे एक्सलवर असलेल्या गाडीत जाड बाजू मागे. ॲल्युमिनियमच्या पाचरी दबून चिरतात, त्या नकोत. कॅस्टर वाढतो तसं डिफरन्शिअलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो, म्हणून दोन-तीन अंशांच्या पुढे जाऊ नका. सेंटर बोल्टचं डोकं पाचरीतून एक्सलच्या खाचेत पुरेसं उतरतंय याची खात्री करा.

प्रश्न (मालवण): बोट ओढायला पिकअप वाळूत, कधी पाण्यातही उतरवावी लागते. ग्रीस कुठलं वापरावं?

उत्तर: पाण्यात टिकायच्या बाबतीत कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस सगळ्यात चांगलं. ते मिळालं नाही तर लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (घट्टपणाचा क्रमांक), ईपी (जास्त दाबाला टिकणारं). सुटं मिळणारं साधं चुन्याचं ग्रीस पाण्याला टिकतं पण उष्णतेला नाही, ते शॅकल-पिनपुरतं ठेवा, चाकाच्या बेअरिंगला नको. रंगावरून ग्रीसची जात ठरवू नका, आणि एक प्रकार काढून दुसरा घालताना जुनं पूर्ण धुऊन टाका.

ग्रीसपेक्षाही पाण्यात उतरायच्या आधीचा अर्धा तास महत्त्वाचा आहे. लांबून आल्या आल्या गरम हब पाण्यात घालू नका, वर सांगितलेली ओढ हबच्या सीललाही लागू आहे. घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा, पण प्रेशर गनचं तोंड नकल, हब किंवा टाय रॉडच्या रबरावर रोखू नका. समुद्राने जे आत घातलं नाही ते गन घालते. यू-बोल्टच्या उघड्या आट्यांवर, शॅकलच्या बोल्टांवर पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस फासून ठेवा. चाकाचे बेअरिंग अशा गाडीत दर सहा महिन्यांनी उघडून बघायचे. रोलरवर निळसर डाग म्हणजे तापला, तपकिरी ठिपके म्हणजे पाणी गेलं. दोन्हीत बेअरिंग आणि कप जोडीनेच बदला.

प्रश्न (चिपळूण): जुन्या थार सीआरडीईचा पुढचा भाग टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आवळून उचलून घेतला. आता स्पीडब्रेकरवरून उतरताना ‘ठक्’ असा आवाज येतो.

उत्तर: २०१० ते २०२० दरम्यानच्या त्या थारमध्ये पुढे सलग एक्सल नाही, टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे. बार आवळल्याने गाडी उंच दिसते, पण चाकाला खाली जायची जागा तेवढीच कमी होते. उतारावर चाक खाली सुटलं की वरचा आर्म त्याच्या रबरी स्टॉपवर आपटतो, तो तुमचा ‘ठक्’. बार ढिला करून उंची मूळच्या जवळ आणा. तोवर ड्राइव्ह शाफ्टचे बूट तिरक्या कोनात फाटलेत का आणि बॉल जॉइंट ढिले झालेत का ते बघा. उंची बदलली की अलाइनमेंटही पुन्हा करावीच लागते.

प्रश्न (सावंतवाडी): आंबोली घाटात डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून चालवली की स्टिअरिंग जड होतं, वळताना पुढून कटकट येते. पुढचा जॉइंट गेला का?

उत्तर: ज्या गाड्यांत मधला डिफरन्शिअल नाही, त्यांत कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकायचीच नसते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात टायर घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर निघत नाही आणि सगळा पीळ जॉइंट आणि गिअरवर येतो. टू व्हीलवर आणा. लीव्हर निघत नसेल तर दोन-चार मीटर सरळ मागे घ्या, सुटतो. मग मोकळ्या, ओल्या मातीच्या जागी फोर व्हील टाकून पूर्ण वळणावर हळू फिरवा. तिथेही चाकाच्या फेऱ्याबरोबर ठरावीक ‘टक-टक’ आली तर त्या बाजूचा जॉइंट उघडून त्याच्या गोळ्यांचे खोबण बघावे लागतील. नुसतं जड वाटलं आणि आवाज नसेल, तर गाडीला काही झालेलं नाही.